जीबीएस झालाय असं डॉक्टर म्हणाले, आता पुढे काय?

आयसीयूबाहेरच्या बाकड्यावर बसलेल्या माणसाच्या मांडीवर बहुतेक वेळा एक प्लास्टिकची पिशवी असते. आतल्या पेशंटच्या चपला, चष्मा, बांगड्या, घड्याळ असं काहीबाही तिच्यात असतं. माझे मिस्टर अशी पिशवी घेऊन एकोणीस दिवस बसले होते. हा लेख आधी त्या पिशवीवाल्या माणसासाठी आहे आणि मग आत पडलेल्यासाठी, कारण सुरुवातीचे सगळे निर्णय बाहेरच्यालाच घ्यावे लागतात.

मी लालबागच्या एका चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहते, दादरला पतपेढीत काम करते. जुलै महिन्यात मला जुलाब झाले, तीन दिवसांत थांबले, आणि त्यानंतर दहाव्या दिवशी पायांतलं बळ गेलं. तेव्हा चाळीत कुणी जीबीएस हे नावही ऐकलेलं नव्हतं. २०२५च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रोडच्या भागात एकदम खूप रुग्ण सापडले, तेव्हा कुठे ते घरोघरी पोचलं. पूर्ण नाव गियाँ-बारे सिंड्रोम, नसांचा आजार, हातापायांतली ताकद जाते. १९१६ साली ज्या फ्रेंच डॉक्टरांनी त्याचं वर्णन केलं त्यांच्यापैकी दोघांची ही नावं. वर्षाला लाखात एखाद-दुसऱ्यालाच होतो, म्हणून शेजारीपाजारी विचारायला कुणी सापडत नाही.

मी डॉक्टर नाही. इथे लिहिलंय ते मला उपचार करणाऱ्यांनी सांगितलेलं, नंतर मी वाचून ताडून पाहिलेलं, आणि अंगावर काढलेलं. औषधाचा निर्णय तुमच्या न्यूरॉलॉजिस्टचाच, म्हणजे मेंदू आणि नसांच्या डॉक्टरांचा.

सगळ्यात आधी एवढं लक्षात ठेवा. या आजाराची वाट घाटासारखी आहे. आधी उतरण, मग थोडी सपाटी, मग लांबलचक चढण. उतरणीला करायचं काम वेगळं, चढणीचं वेगळं. आमच्याकडून ज्या चुका झाल्या त्या सगळ्या एका टप्प्याचं काम दुसऱ्या टप्प्यात केल्यामुळे झाल्या. उतरणीला आम्ही घरी थांबून वाट पाहिली, आणि चढणीला घाई केली.

पहिली पायरी : ओळखा, आणि रात्र घरी काढू नका

माझी सुरुवात तळपायांच्या मुंग्यांनी झाली. दोन्ही पायांना एकदम. दुसऱ्या दिवशी करी रोडच्या जिन्यावर गुडघा दुमडला. संध्याकाळी चप्पल पायातून निसटून मागे राहिली तरी मला कळलं नाही, मागून येणाऱ्या बाईने हाक मारून दिली. तिसऱ्या दिवशी सकाळी अंथरुणातून उठताच येईना. कंबर आणि मांड्या इतक्या ठणकत होत्या की घरच्यांना वाटलं, मणक्याचंच काहीतरी आहे.

खूण ही, की दोन्ही बाजूंनी, पायांपासून वर, काही तासांत किंवा दिवसांत चढत जाणारी कमजोरी. कधी सुरुवात चेहऱ्यापासून किंवा डोळ्यांपासूनही होते, एकाच्या दोन वस्तू दिसायला लागतात. अर्धांगाचा झटका वेगळा. तो काही मिनिटांत, बहुधा एकाच बाजूला येतो. आमच्याकडे दोन्हीला "अंगावरून वारं गेलं" असंच म्हणतात आणि मग तेल लावणारा शोधतात. माझी एक रात्र त्यात गेली. जवळच्या एका दवाखान्यात बी१२चं इंजेक्शन देऊन "अशक्तपणा आहे, झोपा" म्हणून घरी पाठवलं होतं. तिथल्या डॉक्टरांनी गुडघ्यावर हातोडी मारून पाहिली असती तर पाय उडत नाही हे तेव्हाच दिसलं असतं.

अशी कमजोरी दुसऱ्या कारणांनीही येते. रक्तातलं पोटॅशियम फार कमी झालं तर माणूस असाच लुळा पडतो आणि उपचार मिळाले की काही तासांत उठतो. पावसाळ्यात जमिनीवर झोपणाऱ्याला मण्यार चावली तर पहाटे पोटात दुखतं, पापण्या मिटायला लागतात, आणि चावल्याची खूणही धड दिसत नाही. यातलं घरी बसून काहीच कळणार नाही. १०८ला फोन करा, ती अँब्युलन्स मोफत आहे, किंवा टॅक्सीने निघा. पेशंटला जिन्यावरून चालवत आणू नका. आमच्या मंडळाच्या चार पोरांनी मला लाकडी खुर्चीत बसवून, ओढणीने खुर्चीला बांधून खाली आणलं. दोघांनी पाठीला धरायचं, दोघांनी पुढचे पाय उचलायचे, आणि उतरताना पेशंटचं तोंड जिन्याच्या खालच्या बाजूला ठेवायचं.

दुसरी पायरी : कुठे जायचं आणि कॅज्युअल्टीत काय सांगायचं

जिथे न्यूरॉलॉजिस्ट आहे आणि व्हेंटिलेटरची खाट आहे, तिथेच जा. छोट्या नर्सिंग होममध्ये दाखल होऊन मध्यरात्री श्वास अडकल्यावर हलवाहलवी करणं फार धोक्याचं. परळचं केईएम, सायन, मुंबई सेंट्रलचं नायर ही महापालिकेची मोठी रुग्णालयं, भायखळ्याचं जेजे राज्य सरकारचं. गर्दी आहे, खाटेसाठी झगडावं लागतं, एका वॉर्डात दोन खाटांमध्ये जमिनीवर गादी टाकलेला पेशंटही दिसेल. पण हा आजार पाहिलेले डॉक्टर तिथे आहेत, आणि मला तेच महत्त्वाचं वाटतं.

"चक्कर येते, अशक्तपणा आहे" असं सांगू नका. त्याने केसपेपर वेगळ्याच ओळीत जातो. सांगायचं ते असं : "परवापासून दोन्ही पायांतली ताकद जातेय, काल गुडघ्यापर्यंत होतं, आज हातही उचलत नाहीत. पंधरा दिवसांपूर्वी जुलाब झाले होते." जुलाब, ताप किंवा सर्दी-खोकला गेल्या सहा आठवड्यांत झाला असेल तर तारखेसह सांगा. गिळताना ठसका लागत असेल, आवाज नाकातून येत असेल, उशीवरून मान उचलत नसेल, तर ते सगळ्यात आधी सांगा.

पेशंट पंधरा वर्षांखालचं मूल असेल तर आरोग्य विभागाची माणसं येऊन शौचाचे दोन नमुने मागतील. घाबरू नका, मुलाला पोलिओ झालाय असा त्याचा अर्थ नाही. हातपाय अचानक लुळे पडलेल्या प्रत्येक मुलाची अशी तपासणी होते. नमुने द्या, नाही म्हणू नका.

आणि त्याच दिवशी एक वही घाला. शंभर पानी, साधी. तारीख, वेळ, आज कुठवर हलतंय, कोणतं औषध, कुठल्या डॉक्टरांनी काय सांगितलं. आमची वही माझ्या लेकीने लिहिली, तेव्हा ती नववीत होती. नंतर प्रत्येक ठिकाणी त्या वहीनेच आमची बाजू सांगितली.

तिसरी पायरी : तपासण्या, दोन उपचार आणि पैसा

आपल्याच शरीराची रोगप्रतिकार यंत्रणा जंतूशी लढताना चुकून आपल्याच नसांवर उलटते, असं या आजाराचं आहे. पुष्कळदा आधीचा जंतू जुलाबाचा असतो, कॅम्पिलोबॅक्टर नावाचा. कच्चं राहिलेलं चिकन, न उकळलेलं दूध, खराब पाणी यांतून तो येतो. जुलाब झालेल्या बहुतेकांना पुढे काहीही होत नाही. आणि जीबीएस स्वतः एकाचा दुसऱ्याला होत नाही. आमच्याकडे शेजारच्या मुलांना दार ओलांडू देत नव्हते, म्हणून हे मुद्दाम लिहितेय.

पाठीच्या मणक्यातलं पाणी काढायला सांगतील. "पाणी काढलं की माणूस कायमचा अधू होतो" असं बाकड्यावर कुणीतरी सांगेलच. सुई कमरेत, मज्जारज्जू जिथे संपतो त्याच्याही खाली घालतात. सही द्या. दुसरी तपासणी नसांची, तिला सगळे एनसीव्ही म्हणतात. तिच्यात विजेचे बारीक झटके बसतात, सहन होण्याजोगे. पहिल्या आठवड्यात या दोन्ही तपासण्या नॉर्मल येऊ शकतात. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून आजार नाही असं धरून बसू नका. डॉक्टर लक्षणांवरूनही उपचार सुरू करतात.

उपचार दोन आहेत. एक आयव्हीआयजी, म्हणजे रक्तदात्यांच्या रक्तातून काढलेली प्रतिपिंडं सलाईनसारखी शिरेतून देणं. बहुधा पाच दिवस, किलोमागे रोज ०.४ ग्रॅम. साठ किलोच्या माणसाला एकूण १२० ग्रॅम, म्हणजे ५ ग्रॅमच्या २४ बाटल्या. दुसरा उपचार प्लाझ्मा बदलणं. मशीन रक्त बाहेर घेतं, त्यातला प्लाझ्मा, म्हणजे रक्ताचा पातळ पिवळसर भाग, वेगळा काढतं आणि त्याच्या जागी दुसरं द्रव घालून रक्त परत सोडतं. हे एक-दोन आठवड्यांत चार-पाच वेळा करतात. दोन्हींचा गुण सारखाच आहे. प्लाझ्मा आपल्याकडे सहसा स्वस्त पडतो, पण त्याला मशीन, मानेतली किंवा मांडीतली जाड नळी आणि स्थिर बीपी लागतं. आयव्हीआयजी द्यायला सोपं, पण खर्च लाखांत. तुमच्या पेशंटला कोणता, हे डॉक्टरांना सरळ विचारा. महागडा म्हणजे जास्त चांगला, असं इथे नाही.

आता मनापासून सांगते ते. एक कोर्स होऊन हात हलला नाही की घरचे धीर सोडतात. दागिने विकून दुसरा कोर्स द्यायला निघतात, नाहीतर "आता दुसरापण उपचार करा" म्हणून डॉक्टरांच्या मागे लागतात. ही औषधं घसरण रोखतात, नस दुरुस्त करत नाहीत. दुसऱ्या दिवशी गुण दिसत नाही म्हणजे औषध लागू पडलं नाही असं नव्हे. प्रकृती गंभीर असलेल्यांना लगेच दुसरा कोर्स देऊन फायदा झाला नाही, उलट त्रास वाढले, असं अभ्यासांत दिसलं आहे. दोन्ही उपचार पाठोपाठ करूनही जास्त गुण येत नाही. नुसत्या स्टिरॉइडचाही उपयोग होत नाही. थोडं सुधारून पुन्हा घसरण झाली तर गोष्ट वेगळी, तेव्हा डॉक्टर स्वतःच पुन्हा देण्याचा विचार करतात. माझ्या सासूबाईंनी पाटल्या काढून ठेवल्या होत्या. एका रेसिडेंट डॉक्टरांनी पंधरा मिनिटं बसून हे समजावलं म्हणून त्या वाचल्या.

पैशासाठी पहिल्याच दिवशी तीन ठिकाणी विचारा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या टेबलावर आरोग्यमित्र बसतात, त्यांच्याकडे रेशन कार्ड आणि आधार घेऊन जा. दाखल झाल्यावर लगेच जायचं, बिल झाल्यावर नाही. धर्मादाय ट्रस्टच्या रुग्णालयात असाल तर तिथे १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत ठेवणं बंधनकारक आहे. तिथल्या समाजसेवा विभागात उत्पन्नाचा दाखला द्या. पगारातून ईएसआयसी कापली जात असेल तर कार्ड काढा. मुख्यमंत्री सहायता निधीचा अर्जही करता येतो. बाहेरून बाटल्या आणायला सांगितल्या तर दोन-तीन ठिकाणी भाव विचारा, थंड पेटीतून आणा, आणि बाटलीवरचं स्टिकर वहीत चिकटवा.

गावाहून आलेल्या नातेवाइकांची राहण्याची अडचण असेल तर परळच्या नाना पालकर स्मृती समितीच्या रुग्ण सेवा सदनात चौकशी करा.

चौथी पायरी : उतरण, म्हणजे आयसीयूतले दिवस

घसरण बहुतेकांची दोन आठवड्यांत थांबते, फार तर चार. या काळात जिवाला खरा धोका श्वासाचा. बोटाला लावायच्या ऑक्सिजनच्या चिमट्यावर विसंबू नका, छातीचे स्नायू थकले तरी तो आकडा शेवटपर्यंत चांगला दिसू शकतो. साधी परीक्षा अशी : पेशंटला खोल श्वास घ्यायला सांगा आणि एका श्वासात, दर सेकंदाला साधारण दोन या बेताने, आकडे मोजायला लावा. एक, दोन, तीन. चांगला माणूस पन्नासच्या आसपास जातो. काल पस्तीस, आज चोवीस असं उतरत असेल तर लगेच सिस्टरना सांगा. वीसच्या खाली गेलं तर कुणालाही उठवा, रात्रीचे तीन वाजले असले तरी.

चार-पाच पेशंटमागे एकाला व्हेंटिलेटर लागतो. मला लागला, अकरा दिवस. बाकड्यावर "व्हेंटिलेटरवर गेला म्हणजे संपलं" असं म्हणतात. इथे तसं नाही. इथे मशीन थकलेल्या स्नायूंना रजा देतं. धोका मात्र खरा आहे, चांगले उपचार मिळूनही शंभरातले काही जण दगावतात. बीपी आणि नाडी एकदम वरखाली होतात, म्हणून पेशंट बरा दिसला तरी मॉनिटर लावून ठेवतात. जास्त दिवस लागले तर गळ्याला भोक पाडून नळी घालतात. तिची भीती बाळगू नका. तोंडातल्या नळीपेक्षा ती सुसह्य असते, आणि पुढे काढतातही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आतला माणूस जागा असतो. त्याला सगळं ऐकू येतं, सगळं कळतं. माझ्या खाटेशेजारी उभं राहून एक नातेवाईक म्हणाले होते, "आता मुलीचं कसं होणार?" ते वाक्य मी आजही विसरले नाही. भेटीच्या दहा मिनिटांत वार सांगा, तारीख सांगा, पाऊस आहे की ऊन ते सांगा, घरी आज काय भाजी केली ते सांगा. औषधांनी आणि झोप तुटल्याने भयंकर भासही होतात. मला छतातून पाणी गळताना दिसायचं. "तो भास होता, आपण दवाखान्यात आहोत" असं शांतपणे पुन्हा पुन्हा सांगणारं कुणी तरी लागतं.

बोलता येत नसेल तेव्हा आपली वर्णमाला फार उपयोगी पडते. लेकीने पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत ओळी लिहून आणल्या : स्वरांची, क वर्गाची, च, ट, त, प वर्गाची, आणि शेवटी य पासून ज्ञ पर्यंत. ती ओळीचं नाव घ्यायची, बरोबर ओळ आली की मी डोळे वर करायचे. मग त्या ओळीतली अक्षरं एकेक. काना-मात्रा सोडून द्यायच्या. मी पहिला शब्द सांगितला तो "प-ठ". पाठ. चादरीची घडी तीन तास टोचत होती. या आजारात पापण्या कमजोर होतात, म्हणून पापणी मिटून "हो" म्हणण्यापेक्षा नजर वर करून "हो" ठरवा. पुठ्ठ्याच्या मागे नेहमीच्या गोष्टी लिहा : दुखतंय, कूस बदला, थुंकी काढा, गरम होतंय, भीती वाटते.

अंगाची निगा सिस्टर आणि मावशी घेतातच, पण एका मावशीकडे कितीतरी खाटा असतात. म्हणून तुम्ही ध्यान ठेवा. दर दोन तासांनी कूस बदलली पाहिजे. टाचा गादीला टेकू नयेत, पोटरीखाली घडी घाला. पावलं खाली झुकू न देता काटकोनात राहतील असा टेकू द्या, नाहीतर पुढे नस सुधारूनही टाच जमिनीला टेकत नाही. डोळे पूर्ण मिटत नसतील तर मलम आणि कागदी पट्टी मागा. एकच पोटरी सुजली तर लगेच सांगा, रक्ताची गाठ असू शकते. लघवी तुंबली, पोट फुगलं तरी सांगा. हात लावला तरी ठणका लागतो, ते नाटक नव्हे. नसेच्या दुखण्याची वेगळी औषधं असतात, ती मागून घ्या.

एक विनंती आहे. ज्याला गिळता येत नाही त्याच्या तोंडात काहीही घालू नका. शहाळ्याचं पाणी नाही, चमचाभर तीर्थही नाही. ते फुप्फुसात जातं आणि न्यूमोनिया होतो. सासूबाई सिद्धिविनायकाचं तीर्थ घेऊन आल्या होत्या. सिस्टरनी ते माझ्या कपाळाला लावायला सांगितलं. सासूबाईंना ते पटलं, आणि मलाही फार बरं वाटलं.

पाचवी पायरी : सपाटी

काही दिवस, काही आठवडे काहीच बदलत नाही. खालीही जात नाही, वरही येत नाही. याच काळात लोक डॉक्टर बदलतात, "पंधरा दिवसांत चालवतो" म्हणणाऱ्यांकडे जातात. थांबा. फिजिओ येऊन सांधे हलवून जातील, ते चुकवू नका. हाडवैद्याकडून ओढाताण नको. बधिर अंगाला गरम पाण्याची पिशवी किंवा शेक नको, भाजलेलं कळत नाही. हलक्या हाताने कोमट तेल लावायला हरकत नाही, पण कोमट म्हणजे किती ते लावणाऱ्याने स्वतःच्या मनगटावर पाहून ठरवायचं.

सहावी पायरी : चढण, आणि चाळीतलं घर

नसेवरचं आवरण नुसतं खराब झालं असेल तर आठवड्यांत, महिन्यांत सुधारतं. आतली तारच तुटली असेल तर ती दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढते. कमरेपासून पावलापर्यंतचं अंतर मोजून बघा, म्हणजे पावलं सगळ्यात शेवटी का येतात ते कळेल. सहा महिन्यांत दहापैकी आठ जण आधाराशिवाय चालायला लागतात. मला जास्त लागले. ऑक्टोबरमध्ये घरी आले, जानेवारीत वॉकर धरला, आणि पुढच्या गणपतीत काठी घेऊन चाळीच्या मंडपापर्यंत गेले.

व्यायामाचा नियम मला एका फिजिओताईंनी दिला आणि तो मी डोळे झाकून पाळला : आज केलेल्या व्यायामाने उद्या सकाळी हातपाय जास्त जड वाटले तर आज जास्त झालं. घाम गाळून हा आजार लवकर बरा होत नाही, थकलेला स्नायू उलट मागे जातो. दिवसातून चार वेळा दहा-दहा मिनिटं, मध्ये पडून विश्रांती. आधी कुशीवर वळणं, मग खाटेच्या कडेला पाय सोडून बसणं, मग उभं राहणं, मग चालणं. जिना सगळ्यात शेवटी. चढताना बळकट पाय आधी वर, उतरताना कमजोर पाय आधी खाली. घरचं माणूस चढताना मागे राहील, उतरताना पुढे.

फिजिओ घरी बोलावणं परवडत नसेल तर हाजी अलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे, १९५५ पासूनची. तिथे व्यायामही शिकवतात आणि पाऊल उचलून धरणारे स्प्लिंट मापाने बनवून देतात. पाऊल लोंबत असेल तर स्प्लिंटची लाज बाळगू नका. मी दोन महिने टाळलं आणि गॅलरीत दोनदा पडले.

डिस्चार्जच्या आधी घराचं माप घ्या. आमची खोली दहा बाय बाराची, संडास गॅलरीच्या टोकाला, बैठा, आणि उंबरा चार इंच. व्हीलचेअर दारातून आत येतच नव्हती. मग कमोडची खुर्ची आणली आणि खोलीच्या कोपऱ्यात पडदा लावला. हे लिहायला सोपं आहे. सासऱ्यांसमोर, पडद्याआड, एवढ्याशा खोलीत ते करणं फार जड गेलं. सासरे रोज त्या वेळी न सांगता गॅलरीत पेपर घेऊन जाऊन बसायचे, पाऊस असला तरी. खाट, हवेची गादी, व्हीलचेअर, वॉकर विकत घेऊ नका, भाड्याने मिळतात आणि गरज दर दोन महिन्यांनी बदलते. खाट गुडघ्याएवढी उंच हवी, खालून उठणं सगळ्यात कठीण. मोरीत प्लास्टिकची खुर्ची आणि भिंतीला पक्की दांडी. पावसाळ्यात गॅलरीची लादी निसरडी होते, तिथे काथ्या टाका. लिफ्ट असलेल्या इमारतीत राहत असाल तर लिफ्टच्या दाराची रुंदी मोजा, आणि लाइट गेली तर काय करायचं ते सोसायटीच्या वॉचमनशी बोलून ठेवा.

मन खचतं. मी तीन महिने आरशात पाहिलं नाही, हसायला गेलं की अर्धा चेहरा वर यायचा नाही. रात्री झोप लागत नसेल, जगणं नकोसं वाटत असेल तर डॉक्टरांना सांगा, किंवा १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य मदतीच्या नंबरवर बोला. फोन मोफत आहे, मराठीत बोलता येतं. आणि सांभाळणाऱ्या माणसालाही आठवड्यातून एक पूर्ण दुपार सुट्टी द्या. माझ्या मिस्टरांना जाऊबाई रविवारी बळेच बाहेर पाठवायच्या. ते नुसते शिवडीच्या बाजूला चालत जाऊन यायचे.

सातवी पायरी : कागद, कामधंदा, लोकल

नोकरीच्या ठिकाणी पहिल्या आठवड्यातच लेखी कळवा, सोबत डॉक्टरांचं पत्र. सरकारी किंवा निमसरकारी नोकरीत असाल तर २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम २० माहीत असू द्या. सेवेत असताना अपंगत्व आलं म्हणून कामावरून काढता येत नाही की खालच्या पदावर टाकता येत नाही. खासगीत असं संरक्षण नाही, तिथे बोलूनच वाट काढावी लागते. मला पतपेढीने पहिले दोन महिने अर्धा दिवस आणि खुर्चीवरचं काम दिलं.

कमजोरी बरेच महिने राहणार असं दिसलं तर दिव्यांग प्रमाणपत्रासाठी स्वावलंबन संकेतस्थळावर अर्ज करा. सुधारण्याची शक्यता असते म्हणून ठरावीक मुदतीचं प्रमाणपत्र मिळू शकतं. बहुतेक सवलतींना किमान ४० टक्के लागतं. लोकलच्या दिव्यांग डब्यात चढताना कागद जवळ ठेवा. बाहेरून धडधाकट दिसणाऱ्या माणसाला तिथे बोलणी खावी लागतात. मी आधी दुपारी बाराच्या गाडीने करी रोड ते दादर अशी सहा वेळा प्रॅक्टिस केली, मगच सकाळच्या वेळी गेले. थकवा वर्षानुवर्षं राहतो. तो दिसत नाही म्हणून घरचेही विसरतात. संध्याकाळी साडेसहानंतर माझ्याकडून काही होत नाही, हे मी आता सरळ सांगते.

पुढे कशावर लक्ष ठेवायचं

आजार पुन्हा होणं दुर्मीळ आहे, शंभरात दोन ते पाच जणांना. पण आठ आठवडे उलटल्यावरही कमजोरी वाढतच असेल, किंवा सुधारून सुधारून तीनदा घसरण झाली असेल, तर तो सीआयडीपी नावाचा लांबणारा भाऊबंद असू शकतो. त्याचा उपचार वेगळा आहे, आणि त्यात स्टिरॉइडचा उपयोग होतो. म्हणून न्यूरॉलॉजिस्टकडच्या तारखा चुकवू नका. कोणतीही लस घेण्याआधी त्यांना विचारा. कधी ऑपरेशनची वेळ आली तर भूलतज्ज्ञांना जीबीएस झाल्याचं आधी सांगा, भुलीच्या वेळी स्नायू सैल करायला देतात त्यातलं एक इंजेक्शन अशा पेशंटला टाळतात. पाण्याचं आणि चिकनचं पथ्य घरातल्या सगळ्यांनीच पाळा.

डिस्चार्ज कार्ड, एनसीव्हीचा रिपोर्ट आणि दिलेल्या औषधाचं नाव-प्रमाण यांच्या झेरॉक्स एका पिशवीत घालून वहीसोबत ठेवा, एक फोटो मोबाइलमध्ये आणि एक घरातल्या दुसऱ्या कुणाच्या मोबाइलमध्ये. आमची वही आता देवघराच्या खालच्या कप्प्यात आहे. पहिल्या पानावर लेकीच्या अक्षरात तारीख आहे आणि खाली एकच ओळ : "आईच्या उजव्या हाताचा अंगठा हलतो."